एकशे चार पातेली परत मागविण्याबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय,
पुणे.

अर्जदार : संपत दत्तोबा करडे, वय ६१ वर्षे, व्यवसाय तांबटकाम व कल्हई, रा. तांबट आळी, कसबा पेठ, पुणे.

विषय : 'थोरलं घर' या कंपनीच्या पितळी पातेल्यांच्या कल्हईत शिसे आढळल्याने, विकली गेलेली पातेली तातडीने परत मागविण्याबाबत, तसेच माझ्या पूर्वीच्या अर्जातील सर्व मागण्या मागे घेण्याबाबत.

संदर्भ : माझा दि. १८ सप्टेंबर २०२५ चा तक्रार अर्ज (जाहिरातीतून श्री. बद्रीनाथ खळदकर यांचा चेहरा काढून टाकण्याविषयी).

महोदय,

१. मी तिसऱ्या पिढीतला तांबट आहे. भांडी ठोकणे आणि त्यांना आतून कथलाचा मुलामा देणे, म्हणजेच कल्हई करणे, हे काम मी चाळीस वर्षे करीत आलो आहे. बाणेर येथील 'थोरलं घर' या कंपनीसाठी गेली दोन वर्षे मी ते करून देतो. गेल्या जुलै महिन्यात मी कल्हई केलेल्या एकशे चौसष्ट पितळी पातेल्यांच्या मुलाम्यात शिसे आहे. त्यांपैकी साठ पातेली आजवर वापरातून काढली गेली. उरलेली एकशे चार कोणाच्या ना कोणाच्या गॅसवर रोज चढत आहेत. शिसे शरीरात साठत जाते आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. ही पातेली परत यावीत, ही या अर्जाची मुख्य विनंती आहे. पुढील मजकूर लांबला आहे, याची मला जाणीव आहे. परंतु माझा पहिला अर्ज या कामाच्या आड येत आहे, म्हणून तो कोणत्या मनःस्थितीत लिहिला गेला हे आपल्यापुढे मांडणे भाग आहे.

२. तो अर्ज नऊ पानांचा होता. श्री. खळदकर हातोडी चुकीची धरतात हे दाखवणारी नऊ छायाचित्रे त्यास जोडली होती. मी अशी मागणी केली होती की, त्यांचा चेहरा सर्व जाहिरातींतून काढावा. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत त्यांना सार्वजनिक ठिकाणी हातोडी धरण्यास मनाई करावी. आणि जाहिरातीसाठी राखलेली त्यांची मिशी ही कारागिराची मिशी म्हणून दाखवली जाऊ नये. अर्ज टंकलिखित करणारी माझी मुलगी पूर्वा महाविद्यालयात शिकवते. मिशीच्या मागणीपाशी तिने दोनदा हात थांबवला आणि "बाबा, हे खरंच घालायचंय?" असे विचारले. मी घालायला लावले. आपल्या कार्यालयात तो अर्ज वाचला गेला तेव्हा काय उद्गार निघाले असतील, याची आज मला कल्पना येते.

३. वस्तुस्थिती अशी. जून महिन्यात कंपनीने जाहिरात करण्याचे ठरवले. संचालक श्री. अभिनव ठवकर मला म्हणाले, की जाहिरातीत खरा कारागीर दाखवायचा आहे, तर तुम्हीच या. मी दाढी करून, पांढरा सदरा घालून गेलो. कॅमेऱ्यासमोर मला वीस मिनिटे बसवण्यात आले. दिग्दर्शक तेजस नावाचे तरुण गृहस्थ होते. ते अदबीने वागले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ते म्हणाले, "काका, तुम्ही काम करता ना, तेव्हा चेहरा रागावल्यासारखा दिसतो." चाळीस वर्षे भट्टीपुढे बसलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसायला हवा, हे मी त्यांना विचारले नाही. आठ दिवसांनी समजले, की कारागीर म्हणून कात्रजचे श्री. बद्रीनाथ खळदकर यांना घेतले आहे. ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले असून हौशी नाटकांत कामे करतात. आवाज भारदस्त आहे. मिशीविषयी पूर्वी लिहिलेच आहे. ठोकताना जवळून दिसणारे हात मात्र माझे घ्यायचे ठरले, कारण हातांना अभिनय जमत नाही. जाहिरातीत म्हणून हात माझे आहेत आणि चेहरा त्यांचा. माझ्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. तो एका दृश्यात दिसतो आणि पुढच्याच दृश्यात नाहीसा होतो. आजवर हे कोणाच्याही लक्षात आलेले नाही.

४. ऑगस्टच्या आरंभी जाहिरात सुरू झाली. तीत श्री. खळदकर पातेले दोन्ही हातांत धरून सांगतात, की ही तीन पिढ्यांची कल्हई आहे, शंभर टक्के शुद्ध कथलाची आहे, आणि प्रत्येक भांडे तपासून दिले जाते. शेवटी ते थेट पाहणाऱ्याकडे बघून म्हणतात, "लेक बाळंतपणाला यायची असेल, तर आधी हे पातेलं घरात आणा." पिढ्या तीन आहेत हे खरे, त्या माझ्या आहेत. तपासणी कोणी केली नव्हती.

५. त्यानंतरचे दोन महिने मला जड गेले. माझ्या मेव्हणीने फोन करून माझी पत्नी शकू हिला विचारले, की ते बद्रीकाका तुमच्याच आळीत राहतात का. शकू म्हणाली, "नाही गं. आमच्याकडे त्यांचे नुसते हात राहतात." कंपनीने माझ्या दुकानाच्या दाराशी श्री. खळदकर यांची पूर्ण उंचीची पुठ्ठ्याची प्रतिमा उभी केली. लोक कसब्यात येऊन तिच्याबरोबर फोटो काढू लागले. एका दांपत्याने फोन माझ्याच हाती देऊन तो काढून घेतला. मी काढला, पहिल्यात त्यांचे डोळे मिटले होते म्हणून दुसराही काढला. गणपतीत एका मंडळाने 'कसब्याचे कारागीर' म्हणून श्री. खळदकर यांना शाल व श्रीफळ दिले. गर्दीत मी व्यासपीठाशेजारीच उभा होतो, त्यामुळे त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवण्याचे काम माझ्याकडे आले. भाषणात त्यांनी सांगितले, की खरे काम संपतरावांचे आहे, मी केवळ सोंग वठवले. लोकांनी त्या नम्रतेसाठी त्यांना आणखी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझे नाव घेतले याचा मला संताप आला, आणि घेतले नसते तरीही तो आलाच असता.

६. यास मत्सर म्हणतात, हे मला समजते. मला कधी प्रसिद्धीची हाव होती, असे मला वाटत नव्हते. ती दुसऱ्याच्या दाराशी गेली तेव्हा ती आपल्याला हवी होती हे कळले. पहिला अर्ज त्या दिवसांतला आहे. त्यात ग्राहकांच्या हिताचा उल्लेख अकरा वेळा आहे. लिहिताना एकाही ग्राहकाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. एकच चेहरा होता.

७. दि. ३० ऑक्टोबर रोजी श्री. खळदकर स्वतः माझ्या दुकानात आले. हातात कापडी पिशवी होती आणि तीत आमचे एक पातेले होते. ते पातेले विश्रांतवाडी येथील सौ. ऋतुजा यांच्या घरचे. सौ. ऋतुजा यांना सहावा महिना आहे. अशक्तपणा हटेना, पोट दुखू लागले, म्हणून डॉक्टरांनी निरनिराळ्या तपासण्या केल्या, तेव्हा रक्तात शिसे पुष्कळ जास्त निघाले. त्यांच्या सासूबाई सुशीलाबाई यांनी ऑगस्टमध्ये सून गर्भवती असल्याचे कळताच जाहिरात पाहून पातेले आणले होते. त्यात रोज चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचे सार किंवा कढी होत असे व उरलेली त्यातच झाकून ठेवली जात असे. आंबट पदार्थ कल्हईच्या भांड्यात करावेत म्हणूनच तर कल्हई असते, तेव्हा त्या माउलीची यात काहीही चूक नाही. डॉक्टरांनी घरातील सर्व भांडी, मसाले, औषधे तपासण्यास सांगितले आणि संशय प्रथम या पातेल्यावर घेतला.

८. प्रत्येक खोक्यात 'बद्रीकाकांशी बोला' असे छापलेले कार्ड असते. त्यावरील क्रमांकाचा फोन कंपनीने श्री. खळदकर यांच्याकडे देऊन ठेवला होता. कौतुकाचे संदेश आले की त्यांनी हात जोडल्याचे चित्र पाठवायचे, एवढीच अपेक्षा होती. सुशीलाबाईंचा संदेश आला तेव्हा कंपनीने त्यांना एक ठरावीक उत्तर लिहून दिले. ते न पाठवता हे गृहस्थ दोन बस बदलून कात्रजहून विश्रांतवाडीस गेले. तेथे सुशीलाबाई त्यांना जे म्हणाल्या ते त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले, आणि मी ते आपणास जसेच्या तसे सांगतो : "कंपनीचं नाव मला धड आठवतही नाही हो. तुम्ही लेकीचं म्हणालात, म्हणून घेतलं." त्यावर श्री. खळदकर म्हणाले, की चूक माझी आहे. त्यांनी पातेले उचलले, सौ. ऋतुजा यांना नमस्कार केला आणि थेट माझ्याकडे आले.

९. महोदय, ते ऐकताना मला प्रथम काय वाटले, हे लिहिणे लाजिरवाणे आहे, तरी लिहितो. त्या मुलीची काळजी मला वाटली, पण ती दुसऱ्या क्षणी. पहिल्या क्षणी असे वाटले, की या माणसाने माझे नाव घेतले, माझे हात घेतले, आणि आता माझी चूकही घेऊन चालला.

१०. कारण चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे पहिल्या अर्जात मी दडवले होते. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली, की तिच्यातून करकर असा बारीक आवाज येतो. शिसे मिसळलेली कांडी वाकते, पण आवाज करीत नाही. आमच्याकडे अशा कांडीला मुकी म्हणतात आणि ती दुकानदाराला परत करतात. ही परीक्षा मला वडिलांनी दहाव्या वर्षी शिकवली. पूर्वी कथील मीच रविवार पेठेतून पारखून आणत असे. जुलैपासून कंपनी ते परस्पर पुरवू लागली. नव्या मालाची पहिली पेटी उघडली त्याच दिवशी, म्हणजे ४ जुलै रोजी, माझ्या भट्टीपाशी जाहिरातीचे चित्रीकरण होते. कांडी कानाशी धरून वाकवायची आणि समाधानाने मान हलवायची, असे एक दृश्य मीच त्यांना सुचवले होते. श्री. खळदकर यांनी कांडी वाकवली. ती वाजली नाही. दिग्दर्शक म्हणाले, हरकत नाही, आवाज मागाहून घालू. जाहिरातीत जो करकर आवाज ऐकू येतो, तो कथलाचा नाही. कशाचा आहे, मला ठाऊक नाही.

११. चित्रीकरण आटोपल्यावर श्री. खळदकर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "संपतराव, ही वाजली नाही. तुम्ही तर वाजते म्हणाला होतात." सकाळी मी शिकवलेली गोष्ट दुपारी ते मला सांगत होते. माझ्या भट्टीपाशी, माझाच सदरा घालून (त्यांना आणलेला सदरा घट्ट झाला म्हणून माझा दिला होता), लोकांसमोर ते माझ्या कामात खोट दाखवत होते, असे मला वाटले. वास्तविक लोकांसमोर म्हणणे खोटे आहे; जवळ कोणी नव्हते. मी म्हणालो, "तुम्ही चेहरा सांभाळा. भांडं मी सांभाळतो." ते "बरं" म्हणाले व गेले. ते गेल्यावर मी दुसरी कांडी वाकवून पाहिली नाही. वाकवली असती आणि तीही मुकी निघाली असती, तर तो माणूस बरोबर ठरला असता. त्याच पेटीतील कथलाने मी पुढील एकोणीस दिवसांत एकशे चौसष्ट पातेल्यांना कल्हई केली. पातेले तापवून, नवसागर टाकून, कापसाने मुलामा फिरवला की तो चांदीसारखा उजळतो. शिसे असले तरी उजळतो. डोळ्यांना फरक कळत नाही, हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होते.

१२. ३० तारखेस हे सर्व मी श्री. खळदकर यांना सांगितले. ते म्हणाले, "मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." मी त्यांना म्हणालो, की कृपा करून यातला वाटा मागू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ते पातेले आणि पेटीत उरलेल्या दोन कांड्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिल्या. दि. १२ नोव्हेंबर रोजी अहवाल आला. कल्हई व कांड्या, दोहोंत शिसे आहे. सौ. ऋतुजा यांच्यावर उपचार सुरू आहेत. रक्तातले प्रमाण उतरते आहे, परंतु बाळाविषयी डॉक्टर आज काही सांगू इच्छित नाहीत.

१३. अहवाल घेऊन आम्ही श्री. ठवकर यांना भेटलो. त्यांनी कथील पुरवठादाराचे शुद्धतेचे प्रमाणपत्र दाखवले आणि करारातील एक कलमही दाखवले, ज्यानुसार कल्हईची जबाबदारी कारागिराची आहे. त्या कलमाखाली माझी सही आहे. पातेली परत घेण्यास त्यांचा नकार नाही, मात्र त्यांना ती 'जुने द्या, नवे घ्या' अशा लग्नसराईच्या योजनेतून, शिशाचा उल्लेख न करता परत घ्यायची आहेत. मी त्यांना विचारले, की ज्या बाईला आपले पातेले आवडते आहे ती ते का बदलेल? ते म्हणाले, "काका, पॅनिक झालं तर ब्रँड संपेल आणि तुमचं कामही." हे ते दुष्टपणे म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे चौतीस माणसे कामाला आहेत आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तरीही ते चूक आहे. धोका लपवून दिलेली सवलत ही दुसरी फसवी जाहिरातच होय.

१४. श्री. खळदकर यांच्याजवळच्या फोनवर सदुसष्ट ग्राहकांचे क्रमांक होते, ज्यांनी कौतुक म्हणून आपापल्या पातेल्याचे फोटो धाडले होते. सौ. ऋतुजा यांचे घर सोडून उरलेल्या सहासष्ट जणांना आपणच कळवावे असे ठरवून, रविवार दि. १६ नोव्हेंबर रोजी दुपारी आम्ही कात्रजला त्यांच्या घरी बसलो. मी आग्रह धरला, की फोन मी करणार. काम माझे, तर सांगणेही माझे. त्यांनी लगेच फोन माझ्यापुढे ठेवला. मी वीस जणांना फोन केले. नाव, व्यवसाय, प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक, सर्व व्यवस्थित सांगितले. एक गृहस्थ म्हणाले, "ओटीपी आत्ता मागताय, का चहा घेऊन?" एक बाई म्हणाल्या, की ही कल्हई बद्रीकाकांनी केलेली आहे, तुम्ही मध्येच कोण? मी म्हणालो, ती मीच केली आहे. त्या म्हणाल्या, "मग जाहिरातीत का नव्हतात?" वीस जणांपैकी दोघांनी माझे ऐकले.

१५. श्री. खळदकर यांच्या पत्नी कौशल्याबाई आम्हाला पोहे द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो संपतराव, आता जरा यांना बोलू द्या. त्या घरांतून स्वयंपाकाची वेळ होत आली." तेव्हा माझे न ऐकलेल्या अठरा जणांना श्री. खळदकर यांनी फोन केला. ते फार बोलत नव्हते. "ताई, मी बद्रीनाथ बोलतोय. ते पातेलं आधी खाली उतरवा." एका घरातून प्रथम गॅसचे बटण फिरवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर बाईंनी कारण विचारले. अठरापैकी सतरा जणांनी पातेले वापरणे बंद केले. पुढील सेहेचाळीस जणांपैकी चाळीस जणांनी. प्रत्येक होकाराबरोबर एक भांडे कमी होत होते, आणि मी ते वहीत टिपत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. तो होतही होता. तरी त्या सतराव्या होकारानंतर मी पाणी पिण्याचे निमित्त करून उठलो आणि गॅलरीत जाऊन काही वेळ उभा राहिलो. माझ्या चाळीस वर्षांवर दोन माणसांनी विश्वास ठेवला होता, आणि त्यांच्या पंचेचाळीस सेकंदांच्या जाहिरातीवर सतरा जणांनी.

१६. दुसऱ्याच दिवशी, १७ नोव्हेंबरला, कंपनीने तो फोन परत मागवून घेतला. त्यासोबत मला एक पत्र मिळाले. त्यात म्हटले आहे, की श्री. करडे यांचा श्री. खळदकर यांच्याविषयीचा वैयक्तिक आकस त्यांच्याच १८ सप्टेंबरच्या अर्जावरून सिद्ध होतो, सबब शिशाविषयीचे त्यांचे म्हणणे विश्वासार्ह मानता येत नाही. तथापि त्यांच्या भावनांचा आदर राखून कंपनी श्री. खळदकर यांना सर्व जाहिरातींतून तात्काळ वगळत आहे. म्हणजे मी जे मागितले होते, ते मला नेमके या वेळी मिळत आहे. ज्याने सांगितल्यावर बायका गॅस बंद करतात असा जो एकच मनुष्य आहे, त्याचे तोंड माझ्या अर्जाच्या आधारे बंद केले जात आहे.

१७. याकरिता मी स्पष्टपणे लिहून देतो, की आकस होता. तो आजही आहे. त्याचे परिमार्जन झाले असे प्रतिज्ञेवर सांगण्याची माझी तयारी नाही. परंतु मत्सरी माणसाच्या हातात आलेला प्रयोगशाळेचा अहवाल त्यामुळे खोटा ठरत नाही. पातेल्यातील शिशाला माझ्या स्वभावाशी काही कर्तव्य नाही.

१८. जबाबदारीविषयी माझे मत मागितलेले नाही, तरी नम्रपणे मांडतो. कंपनीने कथील न तपासता 'तपासलेले' म्हणून जाहिरात केली आणि नसलेला आवाज त्यात घातला, ही तिची जबाबदारी आहे. जाहिरातीतून शिफारस करणाऱ्याने खात्री करून घ्यावी, अशी कायद्याची अपेक्षा असल्याचे पूर्वाने मला वाचून दाखवले. श्री. खळदकर यांनी खात्री करण्याचा प्रयत्न केला होता. त्यांनी योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य प्रश्न विचारला. उत्तर देणारा खोटा निघाला. करारावर माझी सही नसती, तरीही भट्टीपाशी मी बसलो होतो आणि माझ्या कानांना दोष नव्हता.

१९. सबब विनंती की :

(अ) माझ्या १८ सप्टेंबरच्या अर्जातील सर्व मागण्या, हातोडी व मिशी यांविषयीच्या मागण्यांसह, रद्द समजण्यात याव्यात व तो अर्ज कोणासही या प्रकरणात पुरावा म्हणून वापरू देऊ नये.

(आ) सध्याची जाहिरात त्वरित थांबवून, 'जुने द्या, नवे घ्या' ही योजना बंद करण्याचे आदेश व्हावेत.

(इ) ज्या सत्त्याण्णव ग्राहकांचे क्रमांक केवळ कंपनीकडे आहेत, त्यांची यादी आपल्या कार्यालयाने ताब्यात घ्यावी. उरलेल्या सात जणांची नावे आमच्याकडे असून ती सोबत जोडली आहेत. त्यांना एखादा शासकीय कर्मचारी प्रत्यक्ष भेटल्यास ऐकतील, अशी आशा आहे.

(ई) पातेली परत मागविण्याची नवी जाहिरात कंपनीच्या खर्चाने, पहिली जितक्या वेळा दाखवली गेली तितक्या वेळा दाखवावी. तीत शिसे हा शब्द असावा, आणि ती श्री. बद्रीनाथ खळदकर यांनीच सांगावी. चेहरा त्यांचाच असावा. दुसरा कोणाचा चालणार नाही. माझा तर नाहीच. तो पाहून लोकांना वाटेल की कोणीतरी रागावले आहे, आणि ते पातेले ठेवून घेतील.

(उ) त्या जाहिरातीत, अक्षरे कितीही लहान असली तरी, ही कल्हई संपत दत्तोबा करडे यांनी केली होती, असे छापले जावे. हे मी गौरवासाठी मागत नाही, असे लिहिणार होतो. पूर्णपणे तसे म्हणता येणार नाही. काम माझे होते. ते वाईट झाले तरी ते माझेच आहे, आणि ते दुसऱ्याच्या नावावर गेलेले मला चालणार नाही.

(ऊ) माझ्याविरुद्ध कायद्यानुसार जी कार्यवाही योग्य वाटेल ती सुरू करावी. मी नोटिशीची वाट पाहणार नाही, बोलावल्या दिवशी हजर राहीन. भट्टी ३१ ऑक्टोबरपासून बंद ठेवली आहे.

२०. हा अर्ज आपल्या हाती पडेल तेव्हा दुपार झालेली असेल. संध्याकाळी सहानंतर त्या एकशे चार घरांत पुन्हा आमटीला फोडणी बसेल. निर्णयास जे काही दिवस लागतील, ते आपण त्या हिशोबाने धरावेत, एवढेच हात जोडून सांगणे आहे.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,

(सही)
संपत दत्तोबा करडे
तांबट आळी, कसबा पेठ, पुणे

सोबत :
१. प्रयोगशाळेचा दि. १२ नोव्हेंबर २०२५ चा अहवाल.
२. सौ. ऋतुजा यांच्या रक्ततपासणीच्या अहवालाची प्रत (त्यांच्या संमतीने).
३. कंपनीशी झालेला करार व कंपनीचे दि. १७ नोव्हेंबरचे पत्र.
४. कळवण्यात आलेल्या ग्राहकांची यादी. न ऐकलेल्या सात जणांच्या नावांपुढे खूण केली आहे.
५. मुक्या कांडीचा उरलेला तुकडा, बंद पाकिटात.
६. श्री. बद्रीनाथ खळदकर यांचे प्रतिज्ञापत्र. यात त्यांनी सर्व चूक स्वतःची असल्याचे लिहिले आहे. मी आग्रह करूनही ते बदलावयास तयार झाले नाहीत. कृपया ते ग्राह्य धरू नये.